शॉवर ट्रेला तडा गेला तर आधी खाली बघा

शॉवर ट्रेला (म्हणजे शॉवरखाली आपण उभे राहतो त्या उथळ तळाला) तडा दिसला की बहुतेक जण त्यात सिलिकॉन नाहीतर एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून कडक होणारा भराव) भरून मोकळे होतात, आणि थोड्या दिवसांनी त्याच रेघेवर परत भेग दिसायला लागते. मग म्हणतात मटेरियल भिकार होतं. पण मटेरियलचा दोष क्वचितच असतो, खरी गडबड ट्रेच्या खाली असते.

एक साधी टेस्ट करा. ट्रे पुसून कोरडा करा, तड्यावर पाण्याचे दोनचार थेंब सोडा आणि शेजारी पायाने हळूहळू दाब द्या. पाणी आत ओढलं गेलं, पाय उचलल्यावर परत वर आलं किंवा बुडबुडे दिसले तर समजा की तडा आरपार आहे आणि ट्रे अजून हलतोय. बोटाने ठोकून बघा, खाली पोकळी असेल तिथे आवाज लगेच बदलतो.

ॲक्रिलिकचा ट्रे म्हणजे जेमतेम काही मिलीमीटरचं शीट आणि त्याला मागून फायबरग्लासचा थर. खालून सगळीकडे आधार असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो, पण कुठे पोकळी राहिली की रोज अंघोळीला उभं राहिलं की तो भाग जरासा वाकतो आणि परत सरळ होतो, आणि वायर सारखी इकडेतिकडे वाकवली की शेवटी तुटते ना, तेच इथे फार सावकाश होत असतं. पोकळीच्या मधोमध वजन पडलं की ट्रेची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, त्यामुळे तडा बऱ्याचदा खालून सुरू होतो आणि आपल्याला दिसेपर्यंत वर पोचलेला असतो.

आता तडा वाढत का जातो ते बघू, कारण दुरुस्तीचं सगळं गणित त्यातच आहे. 1913 मध्ये चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने दाखवलं की भेगेच्या टोकाशी ताण कितीतरी पटीने वाढतो आणि टोक जितकं बारीक तितका जास्त. त्याच्या सूत्राने अंदाज काढला तर 20 मिलीमीटर लांब भेगेच्या टोकाची त्रिज्या 0.1 मिलीमीटर असेल तेव्हा तिथला ताण आजूबाजूच्या 21 पट होतो. त्याच टोकांवर 3 मिलीमीटरच्या बिटने भोक पाडलं तर टोक गोल होतं आणि ताण साधारण साडेसहा पटीवर येतो! तडा थांबवायला भोक पाडायचं हे ऐकायला उलटं वाटतं, पण विमानाच्या पत्र्यालासुद्धा हीच युक्ती वापरतात. फक्त ड्रिल खोल जाऊ देऊ नका, खाली पाईप असू शकतो.

त्या भोकांचा आणखी एक उपयोग म्हणजे त्यातून कमी फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे फुगून कडक होणारा फेस, खाली पोकळीत सोडता येतो. तो सेट होईपर्यंत ट्रेवर सगळीकडे सारखं वजन ठेवायचं, नाहीतर फोम ट्रेच वर उचलतो. हालचाल थांबल्याशिवाय पुढचं काही करू नका, प्लीज.

मग तड्याच्या कडा व्ही आकारात घासायच्या, आजूबाजूला सँडपेपर मारून खरखरीत करायचं, धूळ आणि साबणाचा थर काढायचा. पूर्वी सिलिकॉन भरलं असेल तर ते मुळापासून खरवडा, त्यावर जवळजवळ काहीच चिकटत नाही. पुसायला ॲसिटोन नको, ॲक्रिलिक त्यात विरघळतं आणि ताणाखालच्या भागात बारीक नवीन तडे येतात.

मग तड्यात एपॉक्सी भरायचं. त्यात हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकतं असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडून जाळं तयार होतं, म्हणजे ठरलेलं प्रमाण लागतंच, जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच राहतो आणि भराव मऊ पडतो. (पॉलिएस्टर रेझिनचं वेगळं, त्यात हार्डनर म्हणून पेरॉक्साइड थोडंसंच लागतं, ते फक्त रिॲक्शन सुरू करून देतं.) लांब तड्याला नुसता भराव पुरत नाही, ग्लास फायबरची मॅट रेझिनमध्ये भिजवून लावा, कारण ताण हे धागे घेतात. खालून हात पोचत असेल तर पट्टी खालूनच लावा, ताणली जाणारी बाजू तीच. हातमोजे, मास्क, उघडी खिडकी हवीच.

स्टीलच्या इनॅमल ट्रेचा टवका उडाला असेल तर प्रकरण वेगळं, तिथे आधी गंज पूर्ण घासून काढावा लागतो, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि शेजारचं इनॅमल खालून उचकटतो.

सगळं कडक झालं की ओल्या पॉलिश पेपरने 400 पासून 2000 नंबरपर्यंत घासत जायचं, चकाकी परत येते. भिंतीलगतचं सिलिकॉन उखडलं असेल तर नवीन भरताना ट्रेवर वजन ठेवा, म्हणजे फट पूर्ण उघडलेली असताना ते सेट होईल आणि नंतर कोणी उभं राहिलं तरी ताणून सुटणार नाही.