प्राण्यांचे अधिकृत हुद्दे

माणसांनी प्राण्यांना रीतसर पद, रँक, कधी पगार तर कधी टोपीसुद्धा दिल्याची उदाहरणं जगभर आहेत. ऐकायला येडेपणा वाटतो, पण बहुतेक वेळा मागे काहीतरी अडलेलं असतं, नियमातून वाट काढायची असते नाहीतर तोट्यातली रेल्वे चालू ठेवायची असते.

सगळ्यात भारी केस वोयटेक नावाच्या अस्वलाची. 1942 मध्ये इराणात पोलिश सैनिकांनी हे आई गमावलेलं पिल्लू एका पोराकडून घेतलं आणि दूध पाजून वाढवलं. पुढे साहेब बिअर पिऊ लागले, सैनिकांशी कुस्ती खेळू लागले. 1944 मध्ये पलटण इजिप्तहून इटलीला निघाली तेव्हा बोटीवर फक्त सैनिकांनाच परवानगी, पाळीव प्राणी चालणार नाहीत असं कळलं. मग काय, अस्वलाला सैन्यात भरती केलं, नाव, नंबर, हुद्दा प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई, सगळं कागदावर आणि चढवलं बोटीत! मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या असं त्याच्यासोबतचे सैनिक सांगायचे आणि त्या पलटणीने नंतर गोळा घेतलेलं अस्वल हेच आपलं चिन्ह केलं. प्रमोशन पण मिळालं, कॉर्पोरल. (या लोकांचं आणि आपलं एक नातं आहे. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणात आलेल्या पोलिश लोकांपैकी सैनिक पुढे लढायला गेले, आणि साधारण 5,000 निर्वासित, त्यात बायका-मुलंच जास्त, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले.)

युद्ध संपल्यावर वोयटेकची रवानगी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा झूमध्ये झाली, तिथेच तो 1963 मध्ये गेला. आणि योगायोग बघा, याच झूमध्ये पुढे अजून एक लष्करी अधिकारी तयार झाला, तो पण पेंग्विन.

नॉर्वेच्या राजाची गार्ड पलटण एडिनबराच्या लष्करी संचलनासाठी यायची, तेव्हा निल्स एगेलीन नावाच्या लेफ्टनंटला तिथले पेंग्विन फार आवडले. 1972 मध्ये पलटणीने एक किंग पेंग्विन दत्तक घेतला, त्या लेफ्टनंटचं आणि राजा ओलाफचं नाव जोडून त्याला निल्स ओलाफ केलं आणि लान्स कॉर्पोरल ही खालची रँक दिली. पण पलटण परत परत यायची आणि दरवेळी हा वर चढायचा. एक पेंग्विन मेला की दुसरा तेच नाव आणि तोच हुद्दा घेऊन पुढे चालू, म्हणजे सिनिऑरिटी जात नाही, आपल्याकडच्या कित्येक नोकरदारांना हेवा वाटेल. 2008 मध्ये राजाच्या मंजुरीने त्याला नाईट केलं, खरोखरची तलवार खांद्यावर ठेवून, म्हणजे पंखावर म्हणा. 2023 मध्ये तो मेजर जनरल झाला. पंखावर बिल्ला लावून तो दुडूदुडू चालत रांगेतल्या सैनिकांची पाहणी करतो आणि ते सगळे न हसता ताठ उभे असतात, ही शिस्त खरी!

रेल्वेवाले पण मागे नाहीत. जपानमधल्या वाकायामा भागातली किशिगावा लाईन बंद पडायला आली होती, किशी स्टेशनवर तर कर्मचारीच उरला नव्हता. 2007 च्या जानेवारीत तिथल्या तामा नावाच्या मांजरीला कंपनीने स्टेशनमास्तर नेमलं, टोपी दिली आणि पगार म्हणून खाऊ. लोक खास तिला बघायला तिकीट काढून येऊ लागले, लाईन वाचली, नंतर स्टेशनची इमारतच मांजराच्या तोंडासारखी बांधली. 2015 मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीला हजारोंनी लोक होते आणि तिची जागा निटामा नावाच्या मांजरीने घेतली.

पण खरं काम करून दाखवलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या जॅक या बबून माकडाने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अपघातात दोन्ही पाय गमावलेल्या एका सिग्नलवाल्याने त्याला ट्रेन केलं होतं, इंजिनाच्या शिट्ट्या ऐकून तो बरोबर लिव्हर ओढायचा. प्रवाशांकडून तक्रार गेली, साहेब लोकांनी परीक्षा घेतली, जॅक पास! मग रीतसर नोकरी, रोजचे थोडे पैसे आणि आठवड्याला अर्धी बाटली बिअर. त्याने एकही चूक केली नाही असं सांगतात.

लंडनला 10 डाउनिंग स्ट्रीटवर लॅरी बोका 2011 पासून चीफ माऊसर, म्हणजे उंदीर पकडणारा मुख्य अधिकारी, म्हणून आहे, त्याने 6 पंतप्रधान बघितले. उंदरांपेक्षा झोपेचीच ख्याती जास्त.

निवडून आलेला प्राणी म्हणाल तर ब्राझीलची काकारेको गेंडी. 1959 च्या साओ पाउलो नगरपालिका निवडणुकीत राजकारण्यांना वैतागलेल्या विद्यार्थ्यांनी तिच्या नावाच्या मतपत्रिका छापून वाटल्या आणि तिला जवळपास 1 लाख मतं पडली, कुठल्याही माणूस उमेदवारापेक्षा जास्त. अधिकाऱ्यांनी ती सगळी मतं बाद केली. ब्राझीलमध्ये मात्र निषेधाच्या मताला पुढे तिचंच नाव पडलं, आपल्याकडे नोटाचं बटण आलं ते थेट 2013 मध्ये.