भरावाला पाणी किती?

बेळगाव-खानापूर भागात घराचं जोतं भरताना हमखास ऐकायला मिळतं, "भर टाकून ठेवा, एक पावसाळा गेला की आपोआप बसते." बसते खरी, पण सगळीकडे सारखी बसत नाही. पुढे फरशी कोपऱ्यात खचते, भिंतीच्या कडेला फट पडते आणि वास्तुदोषाची शांत करा म्हणून सांगणारे भेटतात. त्यावर पैसे घालवू नका. दोष फरशीखालच्या पोकळीत आहे.

सैल मातीत कण, पाणी आणि हवा असते. दबाई म्हणजे त्यातली हवा बाहेर काढणं. लाल माती कोरडी असली की कणांमधला पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना घट्ट ओढून धरतो. ढेकळं रोलरखालीही पुरती फुटत नाहीत आणि मधल्या फटी तशाच राहतात. पुढे पावसाचं पाणी मुरलं की ही ओढ सुटते, ढेकूळ विरघळतं आणि भर अचानक खचते. दबाईच्या वेळीच बेतानं पाणी मिसळलं तर कण सरकून एकमेकांत बसतात, घनता वाढते. पण पाणी जास्त झालं की तेच जागा अडवतं. पाणी दाबलं जात नाही आणि चिकण मातीतून ते लगेच निघूनही जात नाही. रोलरपुढे जमीन गादीसारखी हलते. म्हणून जोत्यात पाणी तुंबवून भर बसवायची पद्धत या मातीला चालत नाही.

या दोन टोकांमध्ये सर्वाधिक घनता देणारा ओलावा असतो. अमेरिकेतले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये तो मोजायची रीत मांडली. आपल्याकडच्या हलक्या दबाईच्या चाचणीत १००० घन सेंमीच्या साच्यात मातीचे तीन थर देतात आणि प्रत्येक थरावर २.६ किलोचा धुमस (ठोकायचं वजन) ३१ सेंमीवरून २५ वेळा सोडतात. ओलावा बदलत हेच पुन्हा करायचं. आलेख टेकडीसारखा येतो, त्याचं शिखर म्हणजे आपलं उत्तर.

जागेवर १० सेंमी व्यासाची, १३ सेंमी उंचीची पोलादी नळी दाबलेल्या थरात ठोकून भरून काढतात. तिचं आकारमान १०२१ घन सेंमी. आतली माती १९४० ग्रॅम भरली तर ओली घनता घन सेंमीला १.९० ग्रॅम झाली. भट्टीत वाळवून ओलावा कोरड्या मातीच्या वजनाच्या १४ टक्के निघाला तर १.९० ला १.१४ ने भागायचं. कोरडी घनता १.६७. प्रयोगशाळेतलं शिखर १.८० असेल तर दबाई झाली जेमतेम ९३ टक्के. ९५ ठरली असेल तर थर नापास. खडेदार मुरमात ही नळी नीट शिरत नाही. तिथे खड्ड्यात वाळू ओतून मोजतात.

दाब खोलवर पोचत नाही, म्हणून मोठ्या रोलरखाली सैल थर २० सेंमीच्या आसपास आणि प्लेट कॉम्पॅक्टर म्हणजे थरथरत्या सपाट पत्र्याच्या यंत्राखाली १० ते १५ सेंमी ठेवा. भिंतीलगत हाताचा धुमस किंवा लहान रॅमर लागतोच. अथणी-गोकाककडची काळी माती फरशीखाली नकोच. कितीही दाबली तरी पाणी लागलं की ती फुगते.

कंत्राटदाराला ट्रॉलीच्या खेपांवर पैसे देऊ नका. दबाईनंतर जागेवर मापून ब्रास (१०० घनफूट) धरा, कारण २० सेंमीचा सैल थर दाबून १५ च्या आसपास येतो. टँकर आणि रोलर कुणाचा हे आधी ठरवा. चाचणी पास झाल्याशिवाय वरचा थर पडता कामा नये. नापास थर उकरून, ओलावा साधून पुन्हा दाबायचा खर्च कुणाचा, हेही करारात लिहून घ्या.