लांबच्या वाटेनं लवकर

शेजारच्या काकू लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघाल्यात. नाशिकहून दिल्ली, तिथून थेट विमान. परवा त्यांच्या नातवानं विचारलं, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येईल?" हा प्रश्न कुणीही विचारला की मला आनंद होतो.

नाही येणार. नाशिकची जमीन ताशी सुमारे १५७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते आहे, पण तिच्यावरची हवाही धावते आणि ओझरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. उडाल्यावर हा वेग सुटत नाही. धावत्या रेल्वेत वर उडवलेलं नाणं आपल्याच हातात पडतं, तसंच.

तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेलं. वाट जवळपास १४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० झाली आणि वेळ मात्र वाचला. साडेचौदा तासांत विमान उतरलं.

ही किमया जेट स्ट्रीमची, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्याची. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला तो मागून ढकलतो. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते आणि उत्तरेकडे सरकते. तिथल्या जमिनीचा ताशी १६७० किलोमीटरचा वेग तिच्या अंगात असतोच. उत्तरेकडे जावं तसं पृथ्वीच्या आसापासूनचं अंतर घटतं. बागेतल्या गोल चक्रावर कडेची मुलं मध्याकडे सरकली की चक्र जोरात फिरू लागतं, तशी ही हवा वेग घेते. ३० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग १४४६, तर हवेचा १६७० भागिले कोसाइन ३० (आसापासूनचं अंतर जितक्या पटीवर येतं तो आकडा, सुमारे ०.८६६), म्हणजे सुमारे १९२८. फरक ४८० च्या वर! प्रत्यक्षात हवेची घुसळण आणि घर्षण यांमुळे तो बराच कमी, बहुधा दीड-दोनशे उरतो. कधी तीनशेच्याही पुढे जातो. हिवाळ्यात हा झोत हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारताच्या डोक्यावरून वाहतो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता, पण अहवाल एस्परान्तो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिल्यामुळे फार कुणी वाचला नाही.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असंही नाही. मुंबई–लंडन ७२०० किलोमीटर, विमान ताशी ९००, वारा १०० धरा. वाऱ्याविरुद्ध ९ तास, वाऱ्याबरोबर ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ च. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, म्हणून.

काकूंच्या घरी दिशाशूळ पाहून रविवारचं तिकीट बदललं, कारण रविवारी पश्चिम वर्ज्य. पण सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या पश्चिमेला कुठे? पृथ्वीगोलावर दोरा ताणा, तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहवैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान उत्तर ध्रुवावरूनच आणलं. गोल पृथ्वीवर पूर्व, पश्चिम, उत्तर तिन्ही वाटा एकाच गावाला जातात. तिकीट बदलायचं तर भाडं पाहून बदलावं.

नातवाला मी एवढंच सांगितलं: आजीला समोरच्या पडद्यावरचा वेग लिहून आणायला सांग. ९०० चं विमान १०५० दाखवू लागलं, तर त्या वेळी ते कुठल्या देशावर होतं, तेही.