सातबारा, आयटीआर आणि व्हिसाची फाइल

रावेर-यावल पट्ट्यातला केळीवाला शेतकरी युरोपची टूर ठरवतो तेव्हा त्याच्याकडे पैसे असतात, पासपोर्ट असतो, आणि घरच्यांचा आग्रह तर असतोच. गाडी अडते बँकेच्या स्टेटमेंटवर. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीची, कापणी झाली की व्यापाऱ्याचे चार-पाच लाख एकदम खात्यात पडतात. त्याआधीचे कित्येक महिने मात्र खात्यातून खत, ठिबक आणि मजुरीचे पैसे नुसते गेलेले असतात. व्हिसा तपासणाऱ्याला वाटतं, ही रक्कम फाइल लावण्यापुरती कुणाकडून तरी उसनी आणून टाकली आहे. आयटीआर मागावा तर शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकरच नाही, म्हणून अनेकांनी तो कधी भरलेलाच नसतो. नोकरी नाही, त्यामुळे साहेबाचं रजेचं पत्र नाही. मग एजंट सांगतो, "आप्पा, सातबारा काढा, आठ-अ काढा, इंग्रजी भाषांतर करून नोटरी मारा. आणि केळीची बिलं फेकू नका, ती पण लावू."

हे कागद मागण्याची पद्धत कधी पडली, हे पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या सरकारच्या एखाद्या जुन्या भीतीतून आला आहे, आणि बहुतेक वेळा ती भीती पर्यटकाची नव्हतीच. ती होती मजुराची, निर्वासिताची, बंडखोराची. पर्यटक नंतर आला आणि त्याच रांगेत उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात खानदेशातून परदेशी जायला सरकारी परवान्याची सक्ती नव्हती. सरकार विचारत नव्हतं, जात विचारत होती. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागे, आणि ते टाळलं तर पंगतीत पान मिळत नसे. सरकारी कागद लागू लागला तो आधी हाज यात्रेकरूंना. १८८० च्या दशकात मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्यांना पिलग्रिम पास दिले जाऊ लागले. जहाजांवरची गर्दी, कॉलरा आणि दलालांची लूट यांवर उपाय म्हणून १८८६ मध्ये सरकारने या यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. काही वर्षांतच ती व्यवस्था संपुष्टात आली. १८७० मध्ये जबलपूरकडची लाइन जोडली गेल्यावर उत्तरेकडचा बराच यात्रेकरू भुसावळमार्गे मुंबईला उतरू लागला. जहाजाने हाजला जाणं थेट १९९५ पर्यंत चालू होतं. हाजसाठीचा वेगळा पास तर आणखी टिकला. सौदी अरेबियाने नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पासपोर्टचा आग्रह धरल्यावर, २००९-१० च्या सुमारास तो बंद झाला.

बँक स्टेटमेंटचं मूळ मात्र अमेरिका-कॅनडात आहे. अमेरिकेच्या १८८२ च्या इमिग्रेशन कायद्यात, जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, त्याला बंदरावरूनच परत पाठवण्याची तरतूद होती. कॅनडा त्याच्या पुढे गेला. भारतीय माणूस ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे त्याला उघडपणे 'येऊ नको' म्हणता येत नव्हतं. म्हणून १९०८ मध्ये आडवाटेने दोन अटी घातल्या गेल्या. आपल्या देशातून सलग, न थांबता प्रवास करून आलं पाहिजे, आणि आशियाई माणसाच्या हातात २०० डॉलर असले पाहिजेत. भारतातून थेट कॅनडाला जाणारं जहाजच तेव्हा मिळत नव्हतं. १९१४ मध्ये कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. दोन महिने ते बंदरात अडकून पडलं, आणि मोजके लोक सोडून सगळ्यांना परत फिरावं लागलं. आज एजंट "खात्यात एवढे तरी दाखवाच" म्हणतो. त्या वाक्याचे पूर्वज शोधायचे तर ते तिथे सापडतात.

त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. परदेशातून परतणाऱ्या गदर चळवळीच्या लोकांची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या भारतीय क्रांतिकारकांची, सरकारने धास्ती घेतली होती. १९१५ च्या डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली नियम आले आणि युद्ध संपेपर्यंत पासपोर्टची सक्ती पक्की झाली. युद्ध संपलं, सक्ती राहिली. १९२० मध्ये भारतात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) परिषदेत पासपोर्टचं पुस्तक ३२ पानांचं असावं असं ठरलं. गंमत अशी, की ही व्यवस्था तात्पुरती आहे आणि पुढे मोकळा प्रवास सुरू व्हावा, अशीच इच्छा त्या परिषदेत व्यक्त झाली होती. शंभर वर्षं उलटून गेली.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क मानला जात नव्हता. सरकारची मर्जी, दिला तर दिला. १९५४ मध्ये मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर अशा पाच ठिकाणी विभागीय कार्यालयं निघाली. खानदेश यातल्या दोघांच्या मधोमध, पण रात्रीची गाडी दोन्हीकडे जायला लागायचीच. पासपोर्टवर कुठल्या देशांसाठी तो चालेल हेही लिहिलेलं असे, आणि वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका तर सगळ्यांसाठीच बंद होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवास हा घटनेच्या कलम २१ खालच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं सांगितलं. दोनच महिन्यांत, जून १९६७ मध्ये, पासपोर्ट कायदा झाला. आजचा पासपोर्ट त्याच कायद्याने निघतो. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क आणखी घट्ट केला.

हक्क मिळाला तरी डॉलर कुठून आणायचे? परकीय चलनाची टंचाई होती. रिझर्व्ह बँकेचा पी-फॉर्म, म्हणजे परदेश प्रवासाच्या परवानगीचा अर्ज, मंजूर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट मिळत नसे. त्या काळी गेलेली माणसं सरकारने सोबत नेऊ दिलेल्या आठ डॉलरची गोष्ट अजून सांगतात. तेवढ्यात मुक्काम होणं शक्य नव्हतं, म्हणून तिकडे कुणी तरी नातेवाईक हवाच, आणि त्याचं पत्रही हवं. नुसतं 'फिरायला जातो' हे कारण सरकारलाच संशयास्पद वाटे, तर परक्या देशाच्या वकिलातीला का वाटू नये? व्हिसाच्या फाइलमधलं यजमानाचं निमंत्रणपत्र बाहेरच्या देशांनी मागितलं हे खरं, पण त्याची सवय आपल्याला आपल्याच सरकारने लावली होती असं माझं मत आहे. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलर विनापरवानगी बाहेर नेण्याची मुभा दिली. आता ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. केळीवाल्या आप्पांची टूर या उदार धोरणाची लेक म्हणायला हरकत नाही.

इकडे दार उघडत होतं तेव्हा तिकडची दारं लागत होती. ब्रिटनला जायला भारतीयांना ऑक्टोबर १९८६ पर्यंत आगाऊ व्हिसा लागत नव्हता. विमानतळावर उतरायचं आणि तिथला अधिकारी काय तो निर्णय देईल. मग भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरिया या पाच देशांना सक्ती झाली. मुदत संपण्याआधी पोचण्यासाठी हीथ्रोवर एकच गर्दी उसळली होती. युरोपात त्याच सुमाराला वेगळंच शिजत होतं. जून १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी आपापसांतल्या सीमा उघडायचा करार केला. मार्च १९९५ मध्ये तो अमलात आला. आतल्या सीमा गेल्या म्हणजे बाहेरची भिंत सगळ्यांची एकच झाली, आणि तिच्यावर कुणाला आत घ्यायचं याचे निकषही सामायिक झाले. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. एका व्हिसात पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम उरकणारी बारा दिवसांची टूर ही या कराराचीच देणगी. आता त्यात २९ देश आहेत.

अमेरिकेचा कायदा याहून स्पष्टवक्ता आहे. १९५२ च्या कायद्याच्या २१४ (ब) कलमात लिहिलंच आहे, की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायला येतो असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ९/११ नंतर, २००३ पासून, जवळपास प्रत्येकाला समोरासमोर मुलाखत आली. लेकाकडे न्यू जर्सीला चाललेल्या नानांना खिडकीपलीकडून दोन-तीन मिनिटांत विचारलं जातं, मुलगा काय करतो, तुम्ही काय करता, किती दिवस राहणार. सोबत आणलेली जाडजूड फाइल बहुधा उघडलीही जात नाही, आणि नाना बाहेर येऊन तेच जास्त सांगतात.

हे सगळं मुंबईत होत असल्याने खानदेशाला त्याचा भार वेगळाच. जळगावहून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, पहाटे सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं आणि वकिलातीच्या दारात उभं राहायचं, अशी एका पिढीची रीत होती. २००१ मध्ये मुंबईतच व्हीएफएस ही कंपनी सुरू झाली. कागद गोळा करण्याचं काम वकिलातींनी तिच्यासारख्यांकडे सोपवलं आणि पावसातल्या रांगा संपल्या. वर सेवाशुल्क लागलं ते वेगळं. मधल्या काळात बऱ्याच देशांसाठी एजंट अख्ख्या ग्रुपचे पासपोर्ट एका पिशवीत घालून नेत असे, घरच्यांना गाव सोडावं लागत नसे. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेंगेनसाठी भारतात बोटांचे ठसे सुरू झाले आणि ही सोय गेली. आता बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने स्वतः जायचं. ज्याचे हात वर्षानुवर्षं केळीचे घड उतरवण्यात गेले त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या आणि चिकाने काळवंडलेल्या असतात. मशीन त्या पहिल्या झटक्यात घेत नाही. काउंटरवरची मुलगी ओला रुमाल देते, "काका, परत एकदा दाबा," म्हणते, आणि मागची रांग खोळंबते. हे ठसे एकदा नीट उमटले की ५९ महिने चालतात, तेवढाच दिलासा.

२०१५ च्या त्याच नोव्हेंबरात, २४ तारखेला, हाताने लिहिलेले पासपोर्टही जगभर बाद झाले. मशीनने वाचायचं तर नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर जुळायला हवी, आणि आमच्याकडे गोची नेमकी तिथेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय पुरं करण्यासाठी १ जून टाकला, म्हणून खेड्यातल्या एका पिढीतले निम्मे लोक कागदोपत्री १ जूनचे. दाखल्यावर सुमन, आधारवर सुमनबाई, सातबाऱ्यावर सुमनबाई भ्रतार अमुक, आणि लग्नाआधीचं नाव तर तिसरंच. कुठे शिवाजी, कुठे शिवाजीराव. गावात याने कुणाचं काही अडत नाही. पण २०२२ च्या अखेरीस संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या, म्हणजे आडनावाचा रकाना कोरा असलेल्या प्रवाशांना टुरिस्ट व्हिसावर घ्यायचं नाही असं ठरवलं, तेव्हा दुबईची तिकिटं काढून बसलेल्यांची धावपळ झाली.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवरच्या ईसीआर शिक्क्याचीही, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल या नोंदीचीही, अशीच उगाच धास्ती. १९८३ चा उत्प्रवास कायदा आखातात जाणाऱ्या मजुरांची दलालांकडून होणारी फसवणूक रोखण्यासाठी झाला. नोकरीसाठी नव्हे तर फिरायला, परतीचं तिकीट घेऊन जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही. तरीही विमानतळावर नववी शिकलेल्या बागायतदाराला दोन प्रश्न जास्त विचारले जातात, हे खरं.

इस्रायलचं प्रकरण थोडं निराळं. ठिबक बघायला तिकडे जाण्याची हौस जळगाव जिल्ह्याला जुनी. पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले, पण मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास १९५३ पासून होता. अडचण परतल्यावर यायची, कारण पासपोर्टवर तिथला शिक्का दिसला की काही अरब देश दारातच उभं करत. २०१३ च्या सुमारास इस्रायलने शिक्का मारणं बंद करून सुटी निळी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली.

जवळच्या देशांची गोष्ट सोपी. पशुपतिनाथाला बसने जाणाऱ्या यात्रेकरूला १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसा कधीच लागला नाही. विमानाने जाताना ओळखपत्र दाखवण्याची सक्ती आली ती काठमांडूहून निघालेल्या विमानाच्या कंदहार अपहरणानंतर, आणि तिथे आजही मतदान ओळखपत्र चालतं, आधार मात्र फक्त पंधराच्या आतल्यांचं आणि पासष्टीवरच्यांचं. हे ऐन विमानतळावर कळलेले लोक कमी नाहीत.

करोनानंतर वारं फिरलं. पर्यटकांवर जगणाऱ्या देशांची हॉटेलं रिकामी पडली होती, चिनी पर्यटक पूर्वीसारखे परतत नव्हते, आणि भारतीय मात्र निघाले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आपल्याला बिनव्हिसा ३० दिवस दिले, डिसेंबरात मलेशियाने दार उघडलं, आणि जुलै २०२४ मध्ये थायलंडने मुदत ६० दिवस केली. शेंगेननेही एप्रिल २०२४ पासून, तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा द्यायचं ठरवलं. म्हणजे मोठा जाच पहिल्या दोन फाइलींनाच. थायलंडच्या या बिनव्हिसा सवलतीत ती फाइलही लागत नाही, परतीचं तिकीट, हॉटेल आणि पुरेसे पैसे विचारले तर दाखवावे लागतात. मात्र १ मे २०२५ पासून तिथे उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, दहा मिनिटांत होतं, आणि भुसावळ-जळगावचे काही टूरवाले त्याचेही माणशी पैसे लावतात.