पेवातली हळद, डबीतली हळद

हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात शिरलं की हळद आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. सौद्यासाठी ओतलेल्या ढिगातलं एक हळकुंड व्यापारी उचलतो आणि काडकन मोडतो. नीट शिजून खडखडीत वाळलेलं हळकुंड मोडताना टणक, धातूसारखा आवाज येतो आणि आत केशरी झाक दिसते. माल चांगला आहे की नाही हे तिथल्या तिथे ठरतं. घरोघरी औषध म्हणून ठेवायची हळदही याच परीक्षेने निवडली जायची. पूड विकत आणायची गोष्ट अलीकडची.

हळदीचं औषधपण सांगलीपेक्षा फार जुनं. चरकसंहितेत हरिद्रा त्वचारोगांवरच्या आणि विषघ्न द्रव्यांत येते. आपल्याकडच्या वापरात मात्र ग्रंथ कमी, सहाण जास्त. कापलं-खरचटलं की चिमूटभर हळद दाबायची, घसा धरला की दुधातून. मुका मार लागला तर ही स्वयंपाकाची हळद नाही, आंबेहळद लागते; ती रक्तबोळाबरोबर उगाळून, कोमट करून लावायची. शहरातली मंडळी या दोन हळदींत सर्रास गल्लत करतात. आंबेहळद हळदीच्याच कुळातली, पण वनस्पती वेगळी.

शेतातून निघालेली ओली हळद तशीच ठेवली तर तिला कोंब फुटतात किंवा ती कुजते. म्हणून काढणीनंतर गड्डे वेगळे करून हळकुंडं काहिलीत शिजवतात. फेस येऊन वास सुटला आणि काडी टोचल्यावर सहज आत गेली की झालं. मग पंधरा दिवस उन्हात, आणि शेवटी ड्रममध्ये घालून पॉलिश. पीकच आठ-नऊ महिन्यांचं, वर हा खटाटोप. एवढं करून भाव पडलेला असेल तर शेतकऱ्याने माल ठेवायचा कुठे?

याचं उत्तर सांगलीपासून चिंचांच्या रस्त्याने गेलं की हरिपुरात सापडायचं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव नाटकवाल्यांना गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव म्हणून माहीत, व्यापाऱ्यांना पेवांसाठी. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट घागरीसारखं फुगलेलं. इथली माती घट्ट, पाणी आत झिरपू न देणारी. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की आतली हवा हळूहळू सरते. हवा नाही म्हणून कीड नाही, आणि कीडनाशक धुरी देण्याचीही गरज नाही. रंगही टिकतो. उघडताना मात्र घाई चालत नाही. तोंड मोकळं करून बराच वेळ थांबायचं, पेटता कंदील आत सोडायचा. वात विझली तर माणूस उतरवायचा नाही.

या साठवणुकीच्या जोरावर सांगली फक्त आपल्या शिवारातल्या हळदीची राहिली नाही, बाहेरच्या राज्यांतला मालही इथल्या सौद्यात येऊ लागला. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि कित्येक पेवं कायमची गेली. 2019 ला पुन्हा पूर आला. आता माल बहुतेक गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या दोन पुरांच्या मधे.

त्याच्या कितीतरी आधी हळदीवरून अमेरिकेत एक वेगळाच सौदा झाला होता. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं. ज्या गोष्टीसाठी इथली आजी डब्यात बोट घालते, तिचं पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने आव्हान दिलं, पण ‘आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे’ एवढं पेटंट कार्यालयाला पुरत नाही, छापील पुरावा लागतो. जुने ग्रंथ आणि 1953 चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला गेला, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

त्या विजयात एक बारीक गोष्ट हरवली. हळद जुनी आहे हे सिद्ध झालं होतं. ती कशाकशावर चालते, हे नव्हे. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे. ते 1815 मध्येच वेगळं काढलं गेलं होतं, पण हळदीत ते असतं साधारण दोन ते पाच टक्के, आणि पोटातून रक्तात फारसं जातच नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पिपरिनबरोबर त्याचं शोषण वीस पटींनी वाढतं. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने दीडशे मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद सुचवली, आणि मग कॅप्सूलचं पेव फुटलं, हरिपुरातली पेवं बुजत असताना.

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. भाजीतली चिमूट आणि रात्रीचं दूध यांनी बहुतेकांना काही अपाय होत नाही. कॅप्सूल हा वेगळा पदार्थ आहे: अर्क काढलेला, शोषण वाढवलेला. अशा डोसांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना इटलीत 2019 मध्ये नोंदल्या गेल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

पुडीचा त्रास निराळा. फिकट माल उजळ दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झालेत, आणि त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. पुडीत मोडून बघण्यासारखं काही उरत नाही.

आमच्याकडे चटणीच्या दिवसांत बायका अजूनही हळकुंडं आणून, घरी फोडून कांडप गिरणीत नेतात. आई गिरणीवाल्याला पहिली मूठभर पूड बाजूला काढायला लावते, कारण आधी कुणाची तरी मिरची कांडलेली असते. तो दर वर्षी कुरकुरतो आणि दर वर्षी काढतो.