अंगण कुठलं आणि बाग कुठली: पोलेनोव्हची दोन चित्रं

रशियन चित्रकार वासिली पोलेनोव्हच्या दोन चित्रांची नावं कायम एकमेकांना चिकटवली जातात: ‘मॉस्कोतलं अंगण’ आणि ‘आजीची बाग’. माझ्याकडे जुन्या सोव्हिएत पोस्टकार्डांचा एक संच आहे. त्यातली ही दोन कार्डं मी स्वतः कित्येक वर्षं उलटसुलट ओळखत होते. चूक होणं साहजिकच आहे. दोन्ही चित्रं १८७८ सालची, दोन्ही तैलरंगातली आणि दोन्ही मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. दोन्हींत कोवळं ऊन, गवत, पायवाट आणि जुनी घरं. शिवाय दोन्ही पाहून वाटतं, हे रशियातलं कुठलंतरी खेडं असणार.

खेडं मुळीच नाही. हे ऐन मॉस्को शहर आहे, आर्बात रस्त्यालगतच्या गल्ल्यांमधलं. १८७७ मध्ये पोलेनोव्ह तिथे भाड्याचं घर शोधत फिरत होता. एका दारावरची चिठ्ठी वाचून तो जागा बघायला आत गेला, खिडकीतून समोर हे अंगण दिसलं आणि त्याने तिथेच बसून ते रंगवलं, अशी आठवण त्याने पुढे सांगितली होती. तो पहिला छोटा अभ्यास, म्हणजे मोठ्या चित्राआधीचं तयारीचं चित्र. मग तो रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या आघाडीवर चित्रकार म्हणून गेला, आणि परत आल्यावर मोठं चित्र पूर्ण केलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. युद्ध बघून आलेल्या माणसाने रंगवलं काय, तर गवतात बसून भोकाड पसरलेलं एक पोर.

ते पोर शोधा, म्हणजे अंगण ओळखलंच. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पुढे पांढुरक्या केसांची एक लहान मुलगी हातातलं फूल निरखत उभी आहे, तिचं सगळं जग त्या फुलात. एक बाई बादली घेऊन निघाली आहे. गाडीला जुंपलेला घोडा मुकाट उभा आहे, मोडकळीला आलेल्या गोठ्यापाशी कोंबड्या टिपताहेत. मागे पांढऱ्याशुभ्र चर्चचे घुमट आणि त्यांच्यावर भरपूर मोकळं आकाश. सगळ्यांना आपापली कामं आहेत. ऊन कुठेही अडत नाही, ते सगळ्यांवर सारखं पडतं.

ते चर्च आजही स्पासोपेस्कोव्स्की गल्लीत उभं आहे. सोव्हिएत काळात तिथे सोयुझमुल्तफिल्म या ॲनिमेशनपट काढणाऱ्या संस्थेचा बाहुलीपटांचा स्टुडिओ होता. पोरांनी भरलेल्या त्या अंगणाशेजारी पुढे मुलांसाठीच चित्रपट तयार झाले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘आजीची बाग’ आकाराने थोडी लहान आहे, साधारण ५५ बाय ६५ सेंटिमीटर. अंगणाचं चित्र ६४ बाय ८० च्या आसपास. पण मोजपट्टीपेक्षा माणसं मोजा. इथे दोनच बायका आहेत. एक म्हातारी, गडद कपड्यांत, काठी टेकत चाललेली, आणि तिच्यासोबत फिक्या गुलाबी पोशाखातली तरुणी. मागे खांबांचं जुनं लाकडी घर. एकेकाळी ते तालेवार असणार, आता रया गेलेली आहे. बाग कुणी फारशी कापत-छाटत नाही, त्यामुळे झाडोरा घराच्या अंगावर आलेला. मोकळं आकाश इथे कमी, म्हणून ऊन पानांतून गाळून येतं. पायवाटेवर कवडसे आहेत. सावल्याही काळ्या नाहीत, हिरव्या-निळसर आहेत. उघड्यावर बसून रंगवायची ही सवय पोलेनोव्हने फ्रान्समध्ये अंगी बाणवली. १८७४ मध्ये तो आणि चित्रकार रेपिन नॉर्मंडीतल्या व्हल गावी काम करत होते. पुढे लेव्हितान आणि कोरोव्हिन हे त्याचे विद्यार्थी झाले आणि हे ऊन रशियन चित्रकलेत दूरवर पोचलं.

नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. हे पोलेनोव्हच्या आजीचं घर, असं बरेच जण धरून चालतात. त्याची आजी वेरा वोयेकोव्हा हिची जमीनदारी तांबोव्ह प्रांतात ओल्शान्का इथे होती आणि लहानपणी तो तिच्याकडे राहायलाही जायचा. त्या आठवणी चित्रात उतरल्या असतीलच. पण घर मॉस्कोतलं आहे, त्याच शेजारातलं.

रशियन शब्द लक्षात ठेवले तर गोंधळ उरत नाही. पहिल्या चित्राच्या नावात ‘द्वोरिक’ आहे, म्हणजे छोटंसं अंगण. हा शब्द आपल्या ‘द्वार’चा लांबचा भाऊबंद. दाराबाहेरची, कुणीही यावं-जावं अशी जागा. दुसऱ्यातला ‘साद’ म्हणजे बाग, आणि त्याचं मूळ ‘बसवणं, रोवणं’ या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतातला ‘सद्’ तोच. कुणीतरी हाताने लावलेली, कुंपणाआतली जागा. आपल्याकडे अंगण आणि परसबाग यांत कुणी गल्लत करत नाही, तशीच इथेही करायला नको.

‘अंगण’ १८७८ मध्ये पेरेद्विझ्निकी, म्हणजे गावोगावी चित्रं नेणाऱ्या रशियन चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात लागलं. त्या मंडळींच्या फिरत्या प्रदर्शनांतला पोलेनोव्हचा तो पहिलाच सहभाग. ‘बाग’ पुढच्या वर्षी लागली. १८७९ चं ‘शेवाळलेलं तळं’ याच मालिकेतलं तिसरं मानतात, पण ते इतकं सावळं आणि एकाकी आहे की त्याची कुणाशी गल्लत होत नाही.

आता पुन्हा एकदा ‘अंगणा’कडे वळा आणि पोरांवरून नजर काढून डाव्या कडेला न्या. तिथे झाडांच्या दाटीत एक जुनं घर दिसतं. म्हातारी काठी टेकत फिरते ती बाग त्याच घराची.