सिंहमासा आणि समुद्रातले इतर विषधर

टेरॉइस या प्रजातीतल्या सुमारे डझनभर जातींच्या माशांना सिंहमासा म्हणतात. बोलताना लायनफिश हेच नाव जास्त कानावर पडते. विंचूमाशांच्या स्कॉर्पिनिडी कुलातले हे मासे मूळचे हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या प्रवाळखडकांवरचे. त्यांतल्या टेरॉइस व्हॉलिटन्स आणि टेरॉइस माइल्स या दोन जाती गेल्या चाळीस वर्षांत घर सोडून परक्या समुद्रांत पसरल्या आणि मत्स्यालयाच्या काचेमागे कौतुकाने पाहिला जाणारा हा मासा बातम्यांत आला. बातम्यांत भर असतो तो त्याच्या विषारी काट्यांवर. काट्यांनी एखाददुसरा पाणबुड्या किंवा मच्छीमार कळवळतो, हे खरे. पण खडक ओस पडतात ते त्याच्या भुकेमुळे.

अंगावर तांबूस-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची दाट आखणी, डोळ्यांवर शिंगांसारखी कातडी झालर आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उघडलेले छातीचे पर. आयाळ म्हणतात ती या परांनाच, आणि नेमके त्यांतच विष नसते. विषारी काटे अठरा : पाठीवर १३, पोटाखालच्या परांत २ आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या परात ३.

पाठीवरचा काटा इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ नसतो. भरीव हाड, त्याच्या लांबीभर दोन बाजूंना पन्हळी, पन्हळींत विषग्रंथीचा मऊ थर आणि या सगळ्यावर पातळ त्वचेची खोळ, अशी त्याची रचना असते. काटा शरीरात घुसला की खोळ बाहीसारखी मागे सरकते, ग्रंथी चिरडते आणि विष पन्हळीतून जखमेत उतरते. माशाला स्वतःहून विष सोडावे लागत नाही. दाबण्याचे काम टोचून घेणाऱ्याचाच हात करतो. म्हणून मेलेला सिंहमासाही बेसावधपणे उचलला तर इंगा दाखवतोच.

काटा लागताच जीवघेणी कळ येते, हात सुजतो, काहींना मळमळते, घाम फुटतो, क्वचित श्वास जड होतो. धडधाकट माणूस यातून सहसा वाचतो. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते. जखमेचा भाग सोसेल इतक्या गरम, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सिअस पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे हा म्हणूनच मान्य प्रथमोपचार आहे. पाणी किती गरम आहे ते मात्र दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहावे. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वर भाजल्याची भर पडते.

मराठीत ‘विषारी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तिथे घोटाळा होतो. एक विष टोचून किंवा चावून अंगात जाते, दुसरे खाल्ल्याने. सिंहमासा पहिल्या प्रकारातला. त्याचे मांस पांढरे आणि खाण्याजोगे असते, काटे काढले की झाले. अंग फुगवणारा पफरफिश दुसऱ्या प्रकारातला : त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन साठलेले असते आणि ते शिजवूनही जात नाही. हेच विष निळ्या वलयांच्या चिमुकल्या ऑक्टोपसच्या लाळेत सापडते आणि तिथे ते चाव्यातून जाते. चावा इतका हलका असतो की कित्येकदा तो लक्षातही येत नाही. काही मिनिटांत स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, पण शुद्ध हरपलेली नसते. प्रतिविष नाही; विषाचा अंमल ओसरेपर्यंत कोणीतरी कृत्रिम श्वास देत राहिले तर माणूस वाचतो.

सिंहमाशाच्या गोतावळ्यात खरा घातकी म्हणजे स्टोनफिश. शेवाळलेल्या दगडासारखा तळाशी पडून राहतो, हलत नाही, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्याचा पाय सरळ त्याच्या पाठीवर पडतो. पाठीवरचे १३ काटे आखूड आणि जाड असतात, विषाच्या पिशव्या मात्र कितीतरी मोठ्या. ऑस्ट्रेलियात त्यावर १९५९ पासून प्रतिविष मिळते. पाकटाच्या शेपटीवरचा करवती काटाही असाच पायाखाली आल्यावर लागतो. सिंहमासा, स्टोनफिश आणि पाकट यांचे विष बचावापुरते असते. पळणाऱ्याचा पाठलाग यांपैकी कोणी करत नाही.

शिकारीसाठी विष वापरणाऱ्यांची जात वेगळी. बॉक्स जेलीफिशला चोवीस डोळे असतात, मेंदू म्हणावा असा अवयव मात्र नाही. तिच्या कायरोनेक्स फ्लेकेरी या जातीच्या शुंडकांवर, म्हणजे खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांसारख्या अवयवांवर, लाखो दंशपेशी असतात आणि त्यांचा मोठा विळखा बसला तर हृदय काही मिनिटांत बंद पडू शकते. अंगाला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या दंशपेशी व्हिनेगरने निष्क्रिय होतात. तिचीच जेमतेम नखाएवढी नातलग इरुकांजी. तिचा दंश आधी किरकोळ वाटतो. कंबर मोडणारी वेदना, उलट्या आणि चढता रक्तदाब अर्ध्या तासाने सुरू होतो. हे सारे त्या इवल्या प्राण्याचेच काम आहे हे सिद्ध करण्यासाठी जॅक बार्न्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६१ मध्ये स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करवून घेतला. तिघेही रुग्णालयात पोचले. शास्त्र सिद्ध झाले खरे, पण मुलाला त्यात ओढण्याचे समर्थन करणे कठीण आहे. पुढे त्या जातीला त्यांच्याच नावावरून कारुकिया बार्नेसी हे नाव मिळाले.

कोन स्नेल ही सुबक नक्षीच्या शंखातली गोगलगाय. सोंडेतून ती पोकळ दाताचा बाण मारते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. तिची कोनस जिओग्राफस ही जाती तर पाण्यात इन्सुलिन सोडून माशांची रक्तशर्करा उतरवते आणि सुस्तावलेले मासे तोंडात ओढून घेते. कोनस मॅगस या जातीच्या विषातल्या एका घटकावरून बेतलेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. शंख आवडला म्हणून उचलून खिशात टाकणाऱ्यांनी ही नक्षी ओळखून ठेवावी.

ग्लॉकस नावाची निळी गोगलगाय स्वतः विष बनवतच नाही. ती पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर हा जेलीफिशसारखा तरंगणारा, दंश करणारा जीव खाते आणि त्याच्या दंशपेशी न पचवता आपल्या बोटांसारख्या झालरीत साठवते. इंडोनेशियातला नकलाकार ऑक्टोपस त्याहून वरताण : त्याचे हत्यार म्हणजे सोंग. हात पसरून तो चक्क सिंहमासा बनतो. पट्टे दिसले की वाटेला जायचे नाही, हा धडा त्या पाण्यातल्या शिकारी माशांनी गिरवला असावा; त्याशिवाय हे सोंग वठले नसते.

सिंहमाशाच्या शिकारीत मात्र काट्यांचा काही भाग नसतो. तो पर पसरून लहान माशाला कोपऱ्यात रेटतो, मग तोंडाने पाण्याची बारीक चिळकांडी त्याच्यावर मारतो. मासा गोंधळून तिच्या दिशेने तोंड वळवतो आणि त्याच क्षणी अख्खा, डोक्याकडून गिळला जातो. अटलांटिकमधल्या माशांनी हे कधी पाहिलेलेच नव्हते. तिथे १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत पहिला सिंहमासा मिळाला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात मत्स्यालय फुटून ते निसटले, ही गोष्ट अजून सांगितली जाते; तारखा पाहिल्या तर ती टिकत नाही. बहुधा कंटाळलेल्या हौशी पाळणाऱ्यांनीच ते समुद्रात सोडले. सुरुवात मोजक्या माशांपासून झाली, हे जनुकीय तपासणीत दिसते. पण मादी दर काही दिवसांनी बुळबुळीत गोळ्यांत हजारो अंडी सोडते, वर्षाकाठी सुमारे वीस लाख, आणि हे गोळे प्रवाहाबरोबर वाहत जातात. बहामाज, कॅरिबियन आणि मेक्सिकोचे आखात व्यापून २०१४ मध्ये तो ब्राझीललाही दिसला. भूमध्य समुद्रात टेरॉइस माइल्स सुएझ कालव्यातून शिरला. १९९१ मध्ये तिथे एकच मिळाला होता, २०१२ नंतर मात्र सायप्रस आणि लेबनॉनच्या किनाऱ्यांवर तो झपाट्याने वाढला.

बहामाजमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छोट्या खडकांवर सिंहमासे सोडून पाच आठवडे मोजणी केली गेली. त्यांच्याविना ठेवलेल्या खडकांच्या तुलनेत तिथे नव्याने वस्तीला येणारी माशांची पिल्ले सरासरी ७९ टक्क्यांनी कमी झाली. एका सिंहमाशाने अर्ध्या तासात वीस लहान मासे गिळताना पाहिले गेले. त्याला खाणारे फारसे कोणी नाही, आणि इथेच काटे पुन्हा कामाला येतात.

उपाय म्हणून फ्लोरिडात त्याच्या शिकारीवरची संख्येची मर्यादा उठवली गेली, भाल्याने मारण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि २०१४ पासून जिवंत सिंहमासे आणण्यावर बंदी आली. पाणबुडे वारंवार जातात त्या खडकांवर संख्या घटते. पण सिंहमासा सुमारे ३०० मीटर खोलीवरही आढळला आहे, हौशी पाणबुडे चाळीस मीटरच्या आसपास थांबतात, आणि वरच्या खडकांवर रिकामी झालेली जागा वाहत आलेल्या अंड्यांतून पुन्हा भरते.